ब्राउझरमधले बारीक अक्षर वाचण्याजोगे कसे करावे

मागच्या खरिपात माझे मामा पीक विम्याचा अर्ज भरायला माझ्याकडे आले होते. सकाळच्या एस.टी.ने ते परभणीत उतरले, पिशवीतून सातबारा, आठ-अ आणि बँकेचे पासबुक काढून टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "मीच भरतो. तू फक्त बाजूला बस." चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीनपासून वीतभर अंतरावर चेहरा नेऊन ते एकेक रकाना भरत गेले. शेवटी भरलेली सगळी माहिती एकत्र दाखवणारे तपासणीचे पान आले. त्यावरची अक्षरे राखाडी रंगाची आणि मुंगीएवढी होती. मामांनी वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली आणि पुढच्या बटणाकडे माउस नेला. क्षेत्राच्या रकान्यात ०.८१ हेक्टरच्या जागी ८.१ पडले होते. दोन एकरांचे वीस एकर झाले होते आणि ते दशांश चिन्ह त्यांना दिसलेच नव्हते.

मी त्यांना थांबवले, कंट्रोलचे बटण दाबून धरले आणि अधिकच्या चिन्हाचे बटण तीनदा दाबले. पान १५० टक्के झाले. मामांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला, पाठ खुर्चीला टेकवली, आकड्यावर बोट ठेवले आणि त्यांची चूक त्यांनाच सापडली. दुरुस्ती झाल्यावर ते म्हणाले, "आरं, मग हे आधीच का नाही सांगितलं?"

त्यांच्या प्रश्नामुळे हा लेख लिहायला घेतला आहे. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, रेशन कार्ड, निकाल, बाजारभाव हे सगळे आता ब्राउझरमधून जाते, आणि ज्याचे नाव, ज्याची जमीन आणि ज्याचे खाते त्या पानावर असते, त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलेच पाहिजे. अक्षराचे माप ठरवण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. मात्र ही सोय एका जागी नसून चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहे, आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळ्या अडचणीवर होतो, म्हणून त्या एकामागून एक नीट समजून घेणे बरे.

मराठी अक्षर अधिक बारीक का दिसते

इंग्रजी पान ठीक वाचता येते आणि त्याच मापाचे मराठी पान वाचताना मात्र डोळे ताणावे लागतात, असा अनुभव पुष्कळांना येतो आणि तो खरा आहे. फॉन्टचे माप म्हणजे एका अक्षरासाठी राखलेली उभी जागा. देवनागरीत या जागेत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसवावे लागतात आणि खाली उकार, ऋकार, रकार. ‘मूर्ती’ किंवा ‘पूर्वीचे’ असा एखादा शब्द जवळून पाहा, म्हणजे वर-खाली किती दाटी असते ते लक्षात येईल. त्या दाटीमुळे मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. बहुतेक ब्राउझरांचे मूळ माप १६ पिक्सेलचे, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या हिशोबाने १६ चे, असते. एखाद्या संकेतस्थळाने इंग्रजीच्या अंदाजाने ते १२ किंवा १३ केले की इंग्रजी मजकूर कसाबसा तग धरतो, पण मराठीतला अनुस्वार एका-दोन ठिपक्यांएवढा उरतो आणि ‘आंबा’चा ‘आबा’ होतो.

त्याबरोबर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प या जोड्या एकमेकांत मिसळू लागतात. आकड्यांत देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि इंग्रजी आकड्यांत तीन आणि आठ किंवा सहा आणि आठ यांची. बँकेचा आयएफएससी कोड ११ चिन्हांचा असतो आणि त्यातले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, तरीही बारीक अक्षरात ते शून्य इंग्रजी ‘ओ’सारखे दिसते आणि लोक ‘ओ’ टाइप करतात. म्हणून माझा सरळ सल्ला असा की, इंग्रजीसाठी जे माप सोयीचे वाटते त्यापेक्षा एक पायरी वरचे माप मराठीसाठी धरावे.

पहिला आणि सर्वांत जवळचा उपाय: पानाचा झूम

संगणकावर किंवा लॅपटॉपवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स यांपैकी काहीही असो, कंट्रोल बटण दाबून धरायचे आणि अधिकचे चिन्ह दाबायचे. प्रत्येक वेळी पान एका पायरीने मोठे होते. क्रोममध्ये या पायऱ्या १००, ११०, १२५, १५०, १७५, २०० अशा चढत जाऊन ५०० टक्क्यांपर्यंत पोचतात. लॅपटॉपच्या कीबोर्डवर अधिकचे चिन्ह बरोबरच्या चिन्हाच्याच बटणावर वरच्या बाजूला असते, पण त्यासाठी शिफ्ट दाबण्याची गरज नाही, कंट्रोलबरोबर तेच बटण दाबले की काम होते. लहान करायचे असेल तर कंट्रोल आणि वजाचे चिन्ह, आणि पुन्हा मूळ मापावर यायचे असेल तर कंट्रोल आणि शून्य. माउस हाताशी असेल तर कंट्रोल दाबून मधले चाक वर फिरवले तरी तेच होते. मॅक संगणकावर कंट्रोलच्या जागी कमांड बटण वापरावे.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते: अर्ज अर्धा भरून झाला आहे, आता झूम केला तर भरलेले पुसले जाईल का? पुसले जात नाही. झूम केल्याने पान पुन्हा उघडत नाही, फक्त ते नव्या मापात मांडले जाते, त्यामुळे ओटीपी आलेला असतानासुद्धा निर्धास्तपणे मोठे करता येते.

दुसरी गोष्ट मात्र लोकांना खरोखर गोंधळात टाकते. झूम १५० टक्क्यांवर नेला की काही संकेतस्थळांवरचा वरचा मेनू नाहीसा होतो आणि माणूस घाबरून पुन्हा सगळे लहान करतो. यामागचे कारण साधे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपांची स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद असते. दीडपट झूम केल्यावर पानाच्या हिशोबाने ती साधारण ९११ पिक्सेलच उरते, आणि इतक्या रुंदीला पान स्वतःला फोनसारख्या मांडणीत बदलून घेते. मेनू गेलेला नसतो, वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या चिन्हात तो गुंडाळलेला असतो, त्यावर क्लिक केले की उघडतो. पान असे बदलते तेव्हा ते चांगल्या रीतीने बांधलेले आहे असे समजावे, कारण मजकूर रुंदीत मावतो आणि प्रत्येक ओळीसाठी डावी-उजवीकडे सरकावे लागत नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची जी आंतरराष्ट्रीय तत्त्वे २००८ साली पक्की झाली, त्यांच्या मधल्या पातळीवरचा एक निकष असा आहे की, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी त्यातले काही हरवू नये आणि कोणतीही सोय बंद पडू नये. त्यामुळे २०० टक्क्यांवर पान मोडत असेल तर त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही.

अनेक सरकारी पानांवर वरच्या बाजूला लहान, मध्यम आणि मोठ्या ‘अ’ची बटणेही असतात. ती वापरायला हरकत नाही, पण ती त्या एकाच संकेतस्थळापुरती चालतात आणि बहुधा सगळ्या रकान्यांवर परिणाम करत नाहीत. ब्राउझरचा झूम सगळीकडे सारखा चालतो, म्हणून हात त्याच्यावरच बसवावा.

ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचा झूम वेगळा लक्षात ठेवतो. बातम्यांचे पान १२५ वर आणि बँकेचे १५० वर ठेवले, तर पुढच्या वेळी तीच मापे आपोआप येतात. सगळ्याच पानांना मोठे करायचे असेल तर क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन टिंबांचे चिन्ह, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘अपिअरन्स’ असे जाऊन ‘पेज झूम’ १२५ करावा. फायरफॉक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ या भागात ‘डिफॉल्ट झूम’ मिळतो. त्याच ठिकाणी ‘झूम टेक्स्ट ओन्ली’ असा एक चौकोन आहे. तो निवडला तर चित्रे आहे त्या मापाची राहून केवळ अक्षरे वाढतात. बातम्या वाचायला हे सोयीचे आहे, परंतु अर्जाच्या पानांवर अक्षरे रकान्याबाहेर सांडतात, म्हणून ज्यांना अर्ज भरायचे असतात त्यांनी तो चौकोन मोकळाच ठेवावा.

किमान माप: मला सर्वांत जास्त उपयोगी वाटलेली सेटिंग

झूमने सगळे पान सारख्या प्रमाणात वाढते. मथळा आधीच मोठा असतो, तो आणखी मोठा होऊन अर्धी स्क्रीन व्यापतो, आणि तळाशी लिहिलेल्या अटी त्या मानाने बारीकच राहतात. खरी गरज असते ती फक्त त्या अटी मोठ्या करण्याची. त्यासाठी ब्राउझरला एकदाच सांगून ठेवता येते की अमुक मापापेक्षा लहान अक्षर मला दाखवूच नकोस.

क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अपिअरन्स’ आणि त्यात ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’ उघडावे. तेथे दोन सरकपट्ट्या दिसतात. वरची ‘फॉन्ट साइज’ची असते, आणि खालची ‘मिनिमम फॉन्ट साइज’ची, जी शून्यापासून २४ पर्यंत जाते. खालची पट्टी १४ वर आणून एखादे नेहमीचे पान उघडून पाहावे, समाधान झाले नाही तर १५ किंवा १६ करावे. यापुढे गेल्यास तक्त्यांतले आकडे एकमेकांवर चढू लागतात आणि बटणांवरचे शब्द कापले जातात, म्हणून एकदम २४ करण्याचा मोह टाळावा. वरच्या ‘फॉन्ट साइज’बद्दल एक गैरसमज आहे. ती वाढवूनही काही पाने तशीच राहिली की सेटिंग बिघडली असे लोकांना वाटते. ज्या पानांनी आपले माप पिक्सेलमध्ये ठाम लिहून ठेवलेले असते, त्यांच्यावर या पट्टीचा परिणाम होत नाही; किमान मापाची पट्टी मात्र तेथेही आपला नियम लागू करते.

फायरफॉक्स या बाबतीत मराठी वाचकाला अधिक सोयीचा आहे, कारण त्यात प्रत्येक लिपीसाठी वेगळे किमान माप ठेवता येते. ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, तेथून ‘फॉन्ट्स’ आणि त्याच्या शेजारचे ‘ॲडव्हान्स्ड’ हे बटण दाबले की एक चौकट उघडते. तिच्या अगदी वरच्या ‘फॉन्ट्स फॉर’ या यादीत देवनागरी निवडावी आणि खाली ‘मिनिमम फॉन्ट साइज’ १६ करावे. मग त्याच यादीत लॅटिन, म्हणजे इंग्रजीची लिपी, निवडून तेथे १४ ठेवावे. एवढ्यावर थांबू नये, कारण पान कोणत्या लिपीचे आहे हे फायरफॉक्स समोरच्या अक्षरांवरून ठरवत नाही. पान बनवणाऱ्याने आत जी भाषा नोंदवलेली असते, तिच्यावरून तो ठरवतो. मराठी मजकुराच्या पानावर आतून इंग्रजी भाषा नोंदवलेली असणे, किंवा भाषेची नोंदच नसणे, हे वारंवार आढळते. म्हणून यादीतल्या ‘अदर रायटिंग सिस्टिम्स’ या नावाखालीही १६ ठेवावे, आणि तरीही एखादे मराठी पान बारीकच दिसले तर लॅटिनचे माप वाढवावे.

याच चौकटीत फॉन्ट बदलता येतो. विंडोजमध्ये ‘निर्मला यूआय’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज ८ पासून आधीच असतो. त्याआधीच्या काळात सगळीकडे ‘मंगल’ दिसायचा. माझ्या डोळ्यांना मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेला ‘मुक्त’ अधिक स्वच्छ वाटतो, कारण लहान मापातही त्याची अक्षरे मोकळी राहतात. तो आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. फाइल उतरवून, उलगडून, तिच्यावर उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटले आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की नवा फॉन्ट यादीत येतो. मात्र पानाने स्वतःचा फॉन्ट ठरवला असेल तर तुमची निवड लागू होत नाही. फायरफॉक्समध्ये त्याच चौकटीतला पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देणारा चौकोन काढून टाकता येतो, पण तसे केल्यावर भिंग, घर, बाण अशी चिन्हे काही पानांवर रिकाम्या चौकोनांसारखी दिसू लागतात, कारण ती चिन्हेही फॉन्टच्याच रूपात असतात. अर्ज भरणाऱ्यांनी हा मार्ग टाळावा, केवळ वाचन करणाऱ्यांनी जरूर करून पाहावा.

लांब मजकुरासाठी वाचन मांडणी

एखादा सविस्तर लेख, कृषी विद्यापीठाने दिलेला पेरणीचा सल्ला किंवा अग्रलेख वाचायचा असेल तर झूमपेक्षा वाचन मांडणी उत्तम. तिच्यात जाहिराती, बाजूच्या पट्ट्या आणि हलणारी चित्रे निघून जातात आणि फक्त मजकूर उरतो. विंडोजवर फायरफॉक्स आणि एज या दोन्हींमध्ये एफ९ हे बटण दाबले की ही मांडणी उघडते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे कागदासारखे चिन्ह येते, एजमध्ये पुस्तकासारखे. क्रोममध्ये तीन टिंबांखाली ‘मोअर टूल्स’मध्ये ‘रीडिंग मोड’ असतो आणि तो पानाच्या बाजूला वेगळ्या पट्टीत उघडतो. पट्टीची कड माउसने ओढून ती रुंद करून घ्यावी, नाहीतर ओळीत तीनच शब्द मावतात.

मांडणी उघडल्यावर अक्षर मोठे करून बहुतेक जण थांबतात. मराठीसाठी त्याहून महत्त्वाची आहे दोन ओळींमधली जागा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना टेकल्या की कितीही मोठे अक्षर असले तरी नजर घसरते आणि तीच ओळ दोनदा वाचली जाते. म्हणून आधी ओळींतले अंतर एक-दोन पायऱ्यांनी वाढवावे, मग मजकुराची रुंदी थोडी कमी करावी आणि त्यानंतर अक्षराला हात लावावा. या क्रमाने गेल्यास अक्षर फार मोठे करावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. पार्श्वभूमी पांढरी शुभ्र खुपत असेल तर फिकट पिवळसर रंग निवडावा.

एजमध्ये पुस्तकाचे चिन्ह आलेच नाही, तर हवा तेवढा मजकूर निवडून, उजवे क्लिक करून तो ‘इमर्सिव्ह रीडर’मध्ये उघडता येतो. शिवाय कंट्रोल, शिफ्ट आणि यू ही तीन बटणे एकत्र दाबली की एज तो मजकूर वाचूनही दाखवतो आणि त्यात मराठी आवाजही आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस स्क्रीनपासून दूर राहायला सांगितलेल्या माझ्या एका शेजारच्या आजींना मी बातम्या अशाच ऐकवत असे, आणि रोज दुपारी त्या त्या वेळेची वाट पाहत असत.

वाचन मांडणी ही वाचनापुरतीच आहे. तिच्यात रकाने भरता येत नाहीत, म्हणून अर्ज अर्धवट असताना एफ९ दाबू नये.

फोनवर

गावाकडे बहुतेकांचा ब्राउझर म्हणजे फोनमधला क्रोम, आणि तेथे अक्षर बारीक दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी भलतेच असते. कोणीतरी कधीतरी अर्ज भरताना ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय चालू करून दिलेला असतो आणि तो तसाच राहून जातो. त्यामुळे संगणकाच्या रुंदीचे पान सहा इंचांच्या स्क्रीनवर कोंबले जाते. पान उघडे असताना वरच्या कोपऱ्यातली तीन टिंबे दाबावीत, यादीत ‘डेस्कटॉप साइट’ शोधावे आणि तिच्यापुढे खूण असेल तर ती काढावी. ‘फोनवर काहीच वाचता येत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी सर्वांत आधी हेच पाहतो.

खूण नसेल, किंवा काढूनही अडचण राहिली, तर पुढे असे करावे. क्रोमची तीन टिंबे, ‘सेटिंग्ज’ आणि त्यात ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडावे. तेथे झूमची सरकपट्टी असते. तिच्यावरचा नमुना मजकूर हातभर अंतरावरून वाचता येईपर्यंत ती पुढे सरकवावी. त्याच पानावर ‘फोर्स इनेबल झूम’ हा पर्याय आहे, तो अवश्य चालू करावा. काही संकेतस्थळे दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोय मुद्दाम बंद करून ठेवतात, आणि हा पर्याय चालू असला की त्यांचे ते बंधन चालत नाही. फायरफॉक्सच्या फोनवरच्या आवृत्तीतही ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये सर्व संकेतस्थळांवर झूम करू देणारा असाच पर्याय आहे. आयफोनवर सफारीत पान उघडे असताना पत्त्याच्या पट्टीजवळच्या चिन्हाखाली अक्षर लहान-मोठे करण्याची सोय आणि वाचन मांडणी दोन्ही मिळतात.

ब्राउझरच नव्हे, तर संदेश, संपर्कांची नावे, बँकेचे ॲप असे सगळेच बारीक दिसत असेल तर फोनच्या मुख्य ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिस्प्ले’ उघडून ‘फॉन्ट साइज’ वाढवावा आणि मग ‘डिस्प्ले साइज’. हा बदल अर्ज भरायला बसण्यापूर्वीच करून घ्यावा, कारण तो केल्यावर उघडी ॲप नव्याने सुरू होऊ शकतात.

शेतात, भर उन्हात फोन पाहावा लागतो तेव्हा मापापेक्षा उजेडाचा प्रश्न मोठा असतो. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे रात्री डोळ्यांना बरी वाटतात, पण उन्हात त्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा दिसतो आणि मजकूर हरवतो. उन्हात पांढरी मांडणी आणि पूर्ण उजेड ठेवावा, आणि स्क्रीनला पाठीची सावली द्यावी.

चित्र आणि पीडीएफ

सगळे करूनही सातबाऱ्याचा उतारा किंवा एखादी यादी बारीकच राहिली, तर ती अक्षरे नसून अक्षरांचे चित्र असण्याची शक्यता आहे. ओळखण्याची खूण अशी की, माउसने एखादा शब्द निवडून पाहावा. शब्द निळा झाला तर तो मजकूर आहे, काहीच निवडले गेले नाही तर ते चित्र आहे. चित्रावर किमान मापाचा किंवा वाचन मांडणीचा परिणाम होत नाही, फक्त पानाचा झूम चालतो, आणि तोही एका मर्यादेपर्यंत, कारण मूळ चित्रच अस्पष्ट असेल तर मोठे केल्यावर ते अधिक विरघळते. अशा वेळी ते पीडीएफच्या रूपात उतरवून घेण्याची सोय आहे का ते पाहावे. क्रोममध्ये पीडीएफ उघडली की वरच्या पट्टीत रुंदीभर बसवण्याचे बटण असते. आधी ते दाबावे आणि मग गरजेप्रमाणे वाढवावे.

उताऱ्यातले क्षेत्राचे आकडे वाचताना हेक्टर आणि आर वेगवेगळे बघावेत. एका हेक्टरचे १०० आर होतात आणि साधारण ४० आर म्हणजे एक एकर, एवढा हिशोब मनात ठेवला तर दशांश चिन्ह सुटले असल्यास आकडा स्वतःच विचित्र वाटतो.

संपूर्ण संगणकाचे माप

जुन्या लॅपटॉपवर अक्षर मोठे दिसावे म्हणून काही जण स्क्रीनचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांत मांडायचे ते माप, कमी करून देतात. हा उपाय मी करू देत नाही. स्क्रीनचे ठिपके ठरलेले असतात, त्यांच्याशी न जुळणारे रिझोल्यूशन दिले की प्रत्येक अक्षराची कड पुसट होते आणि डोळे पूर्वीपेक्षा लवकर थकतात. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्ले’ या पानावर रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेलेच ठेवावे आणि त्याच पानावरचा ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावा. फक्त अक्षरे वाढवायची असतील तर विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘टेक्स्ट साइज’ येथे २२५ टक्क्यांपर्यंत जाता येते. एखादाच आकडा क्षणभर मोठा करून पाहायचा असेल तर विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबावे, स्क्रीनवर भिंग येते. विंडोज आणि एस्केप दाबले की ते जाते.

माप पुरेसे असूनही मजकूर फिका वाटत असेल तर अडचण रंगाची आहे. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीवरचा उठाव, म्हणजे दोघांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ असावा असे म्हटले आहे, आणि राखाडीवर राखाडी लिहिणारी पाने ते पाळत नाहीत. लेख असेल तर वाचन मांडणीत तो काळ्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळा करून घ्यावा. अर्ज असेल तर विंडोजच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मधली ‘कॉन्ट्रास्ट थीम’ तात्पुरती लावावी.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते आणि जवळचे दिसणे अवघड होते. वाचनाचा चष्मा बहुधा हातात धरलेल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो, तर संगणकाची स्क्रीन त्याहून लांब असते. मामा पुढे झुकत होते ते त्यामुळेच. डोळे तपासायला जाताना आपल्या स्क्रीनचे अंतर टेपने मोजून न्यावे आणि डॉक्टरांना ते सांगावे. अक्षर मोठे करूनही धूसर राहिले किंवा एका डोळ्याने वेगळे दिसले, तर सेटिंग बदलत बसू नये, तपासणी करून घ्यावी.

सेवा केंद्र चालवणाऱ्या बंधू-भगिनींना एक विनंती आहे. अर्ज भरून झाल्यावर "बघा, बरोबर आहे ना?" असे विचारताना स्क्रीन समोरच्या माणसाकडे वळवावी आणि पान आधी १७५ टक्के करावे. समोरचा माणूस संकोचाने ‘हो’ म्हणतो, दिसत नाही असे सहसा म्हणत नाही. तीन सेकंदांचे काम आहे, आणि पुढच्या माणसासाठी कंट्रोल-शून्य दाबले की सगळे पूर्ववत होते.

मामांच्या घरी मामेभावाचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर आम्ही क्रोमचा पेज झूम १२५ आणि किमान माप १४ ठेवले, स्केलला हात लावला नाही. तपासणीचे पान आले की मामा कंट्रोल धरून अधिकचे बटण आणखी दोनदा दाबतात, चष्मा नाकावर घेतात आणि क्षेत्राचा आकडा मामींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचतात, "शून्य, टिंब, आठ, एक."